नावानं आणि नंबरानं

अकरा वाजून गेलेत. परीक्षा विभागाची तीन नंबरची खिडकी अजून अर्धीच उघडली आहे. रांग जिन्यापर्यंत गेली आहे. मे महिना आहे. वरचा पत्रा तापलाय आणि त्याची सावली पुढच्या दहा-बारा जणांनाच पुरते. मागचे डोक्यावर फाइल धरून उभे. आतून आवाज येतो, "फॉर्मची प्रिंट जोडली का? चलन? मग आधी ते आणा." एक मुलगा मागच्याला "नंबर धर हं" म्हणत झेरॉक्सच्या दुकानाकडे पळतो. पुढच्या मुलीची पाळी येते. ती नाव सांगायला लागते. "नाव नको, पीआरएन सांगा," क्लार्क मान वर न करता म्हणतात. पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक.

आवार ओलांडून अर्थशास्त्र विभागात शिरलं की जरा गार वाटतं. दगडी भिंती, उंच छत, पोर्चमध्ये दुचाकींची गर्दी. सूचनाफलकावर एम.ए.चा आराखडा टाचलेला आहे. कागद पिवळा पडलाय, कोपऱ्यात पेनानं कुणी तरी बेरीज करून ठेवली आहे. पहिलं सत्र : अनिवार्य विषयांची 14 क्रेडिट, वैकल्पिक विषयाची 4, संशोधन पद्धतीची 4. एकूण 22. अशी चार सत्रं, म्हणजे 88. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास. प्रात्यक्षिकाचं असेल तर 30.

फलकापुढं दोन मुलं उभी आहेत. एक दुसऱ्याला समजावतोय. दुसऱ्या सत्रात संशोधन पद्धतीच्या जागी क्षेत्रकार्य किंवा ओजेटी येते, म्हणजे कुठं तरी प्रत्यक्ष जाऊन काम करायचं. तिसऱ्या सत्रात 4 क्रेडिटांचा संशोधन प्रकल्प, चौथ्यात 6 क्रेडिटांचा. 2020च्या शैक्षणिक धोरणानंतर आलेली ही मांडणी. पहिल्या वर्षाची 44 क्रेडिट झाली की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. "म्हणजे नोकरी लागली तर वर्ष फुकट जात नाही," समजावणारा म्हणतो. ऐकणारा मोबाइलवर फलकाचा फोटो काढतो.

डावीकडच्या खोलीत पंखा कुरकुरतोय. ज्यांचा सेमिनार राहिला होता, त्यांना आज फेरसंधी आहे. सातआठ जण बाकांवर, भिंतीवर प्रोजेक्टरचा फिकट चौकोन. एक मुलगी बचत गटांच्या कर्जाविषयी बोलते आहे. आवाज आधी कापरा, मग सावरलेला. मॅडम मध्येच तिला नावानं हाक मारून थांबवतात. "तुझ्या गावातले गट धर. बायका कर्ज कशासाठी घेतात?" मुलगी स्लाइड सोडून बोलायला लागते. शिलाई मशीन, शेळ्या, मुलीची फी. आता ती कागदाकडे बघतच नाही. मॅडम वहीत 10 पैकी 8 लिहितात. शंभरातले 30 गुण असे विभागाच्या हातात आहेत : चाचणी, स्वाध्याय, सेमिनार. उरलेले 70 लेखी परीक्षेचे.

कॉरिडॉरच्या टोकाला व्हायवा चालू आहे. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मांडीवर काळ्या बांधणीचे प्रबंध, वर सोनेरी अक्षरं. कुणी अनुक्रमणिका पाठ करतंय, कुणी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी करतंय. आत टेबलापलीकडं दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले बाह्य परीक्षक बसलेत. बाजूला गाइड सर, त्यांनी बहुतेक गप्पच बसायचं असतं.

"नमुना किती?"

"शंभर शेतकरी, सर."

"शंभरच का?"

मुलगा घुटमळतो. गाइड सर खिडकीबाहेर बघतात. "सर, कांदा काढणी चालू होती. बाकीचे भेटलेच नाहीत."

परीक्षक चष्मा काढतात. "मग हे प्रबंधात का नाही लिहिलंस? ही अभ्यासाची मर्यादा आहे. लपवायची नसते, लिहायची असते."

मुलगा मान डोलावतो. गाइड सर पहिल्यांदाच हसतात.

दुपारी समोरच्या इमारतीत लेखी पेपर सुरू होतो. घंटा होते आणि आवाज एकदम बसतो. पंख्याखालच्या बाकांवरचे कागद उडतात, पंखा लांब असलेल्यांच्या मनगटाखाली कागद ओला होतो. "सर, पुरवणी!" पर्यवेक्षक पुरवणीवर सही करतात, आसन क्रमांक तपासतात, दोरा देतात. सकाळी सेमिनार दिलेली मुलगी तिसऱ्या रांगेत दिसते. इथं ती सहा आकडी क्रमांक आहे.

या उत्तरपत्रिका पुढं कॅप सेंटरला, म्हणजे केंद्रीय मूल्यांकन केंद्रावर जातात. तिथं दारातच मोबाइल जमा करावा लागतो. आत लांब टेबलं, गठ्ठे, लाल पेनं, चहाचे कागदी कप. इथं आसन क्रमांकही झाकलेला, पहिल्या पानावर फक्त बारकोड. पेपर कुठल्या कॉलेजचा हे कळू नये अशी सोय. तपासणारे सर एका पानावर थांबतात. व्याख्या पुस्तकातली, उदाहरण मात्र कुठल्याशा तालुक्याच्या बाजारातलं. ते परत वाचतात, गुण देतात, पान उलटतात. मॉडरेटर त्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा उघडून बघतात.

चार वाजता कँटीनमध्ये मागच्या सत्राचा निकाल टेबलावर पसरला आहे. दोन मैत्रिणी, एक कॅल्क्युलेटर. क्रेडिट गुणिले श्रेणीचे गुण. चार क्रेडिटांच्या तीन अनिवार्य विषयांत 8, 9, 7, दोन क्रेडिटांच्या विषयात 10, वैकल्पिकला 8, संशोधन पद्धतीला 6. बेरीज 172. भागिले 22.

"सात पूर्णांक ब्याऐंशी."

"संशोधन पद्धतीला 6 ऐवजी 7 असते तर?"

पुन्हा बोटं चालतात. 176 भागिले 22. बरोबर 8.

संशोधन पद्धतीत अंतर्गत 24 आणि लेखी 33, एकूण 57. वरची श्रेणी 60ला. अंतर्गत गुणांना पुनर्मूल्यांकन नाही, म्हणजे तीन गुण सापडले तर त्या 33मध्येच सापडायचे.

"सरळ रिव्हॅल टाकू?"

"आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. आली की मॅडमना दाखव. त्यांना तुझं लिहिणं माहितेय, त्या सांगतील पैसे भरायचे की नाही."