नवी आवृत्ति आणि जुनें दप्तर

कोंकणांत राहणाऱ्याला घर शाकारणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. फुटकीं कौलें बदलावयाचीं, वासे तपासावयाचे आणि मृगाच्या आंत छप्पर पुन्हां घट्ट करावयाचें. भर आषाढांत कौलें उतरावयास कोणी बसत नाहीं. परंतु हाच शहाणा मनुष्य संगणकापुढें बसला म्हणजे नेमकें तेंच करतो. तें कसें, हें आज आपण पाहूं.

समजा, मालवणच्या दांडी किनाऱ्यालगत एका गृहस्थाचें पाहुण्यांसाठीं बांधलेलें घर आहे. कोणती खोली कोणास दिली, आगाऊ रक्कम किती आली, हें सारें त्यानें पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत, म्हणजे संगणकांतील दप्तरांत, लिहून ठेविलें आहे. दिवाळीच्या सुट्टींत एका रात्रीं संगणकानें विचारलें, ‘नव्या आवृत्त्या आल्या आहेत, घेऊं काय?’ गृहस्थानें ‘होय’ म्हटलें आणि तो झोंपला. सकाळीं कोल्हापूरचें कुटुंब सामानासह दारांत उभें, आणि दप्तर कांहीं केल्या उघडेना!

हें ‘घेऊं काय’ विचारणाऱ्या यंत्रणेस पॅकेज मॅनेजर म्हणतात. उबुंटूवर ‘ॲप्ट’, मॅकवर ‘होमब्रू’ हीं त्याचीं परिचित रूपें. मोठ्या घरांतील कोठावळ्याप्रमाणें तो कोणता जिन्नस कोणत्या जिनसावांचून चालत नाहीं हें जाणतो आणि सर्वांच्या ताज्या आवृत्त्या आणून ठेवतो. मात्र त्याची जाण जिनसांपुरती. आपण दप्तरांत काय लिहिलें आहे, हें त्यास ठाऊक नसतें. घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

घोटाळ्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला दप्तराच्या बांधणीचा. २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसच्या क्रमांकांतील पहिला आंकडा हा मोठ्या बदलाचा मानतात, आणि अशी मोठी आवृत्ति साधारणतः वर्षास एक निघते. १४.१ वरून १४.२ वर जाण्यांत लिखाणाची मांडणी बदलत नाहीं; १४ वरून १५ वर जातांना बदलते. दप्तराच्या पेटींत आवृत्तीचा आंकडा लिहिलेली एक लहानशी फाईल असते. नवा कार्यक्रम ती वाचतो आणि जुनी पेटी उघडण्यास नकार देतो. हा नकार प्रामाणिक आहे. भलताच अर्थ लावून वाचण्यापेक्षां न वाचणें बरें. उबुंटूवर जुनी व नवी आवृत्ति शेजारीं शेजारीं राहूं शकतात; पण नवीचें दप्तर कोरें असतें. तें पाहून ‘सर्व गेलें’ म्हणून मनुष्य कपाळावर हात मारतो. वस्तुतः जुनी पेटी जागच्या जागीं असते.

दुसरा प्रकार मांडणीच्या फाईलचा. २०१८ सालीं मायएसक्यूएलची ८.० ही आवृत्ति आली, तींतून ‘क्वेरी कॅश’ ही जुनी सोय काढून टाकली. जुन्या फाईलींत त्या सोयीची एक ओळ राहिली, तर ‘ही आज्ञा मला ठाऊक नाहीं’ म्हणून सर्व्हर सुरूच होत नाहीं. पुढें २०२४ सालीं ८.४ मध्यें परवलीचा शब्द पडताळण्याची एक जुनी रीत मुळांतच बंद ठेविली, आणि ९.० मध्यें ती काढूनच टाकली. किल्ली तीच, पण कुलूप बदललें!

तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण तो बोलत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या पायाभूत ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ति निघाली. तिनें अक्षरें व चिन्हें यांचा क्रम बदलला. पूर्वीं इंग्रजी क्रमांत ‘११’ आधीं आणि ‘१-१’ नंतर येई. आतां उलट झालें. डेटाबेसची सूची जुन्या क्रमानें लाविलेली आणि शोधणारा नव्या क्रमानें शोधणारा. मग असलेली नोंद नाहीं असें उत्तर येतें. ‘खोली रिकामी आहे’ असें समजून तीच खोली दुसऱ्यास दिली जाते! डेटाबेसास हातहि न लावतां हें घडूं शकतें. उपाय एकच: मजकुरावरील सूच्या नव्यानें बांधणें.

मग नव्या आवृत्त्या घेऊंच नयेत काय? तसें नव्हे. लहान आवृत्त्यांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात. त्या टाळणें म्हणजे गळकें छप्पर तसेंच ठेवणें. मोठ्या आवृत्तीस मात्र कोठावळ्यानें आपण होऊन हात लावूं नये, असा हुकूम देतां येतो. ॲप्टमध्यें त्यास ‘होल्ड’ व होमब्रूमध्यें ‘पिन’ म्हणतात. बदलापूर्वीं सर्व दप्तराची नक्कल काढून ती दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, आणि ती खरोखर उघडते कीं नाहीं हें एकदां पाहावें. न उघडलेली नक्कल ही नक्कलच नव्हे. जुनी पेटी नव्या बांधणींत आणण्यासाठीं पोस्टग्रेसबरोबर २०१० पासून एक स्वतंत्र साधन मिळतें. तें वापरून काम नीट झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी आवृत्ति काढूं नये.

आणि शेवटीं मुहूर्त. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पावसांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याहि थांबतात, पाहुणे विरळ होतात. होड्या ओढून दुरुस्त करण्याचा हा काळ दप्तराच्या दुरुस्तीसहि चांगला. दिवाळीच्या रात्रीं संगणकानें प्रश्न केला, तर ‘आज नको’ एवढें उत्तर देण्याचा अधिकार घरमालकाचा आहे, आणि तो त्यानें अवश्य बजावावा.