पाचारण (ख्रिस्ती संकल्पना)

पाचारण म्हणजे देवाने माणसाला विशिष्ट जीवनासाठी किंवा कार्यासाठी घातलेली साद, अशी ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संकल्पना आहे. 'क्लेसिस' या मूळ ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये हा शब्द योजलेला आढळतो. धर्मसुधारणेच्या काळात पाचारणाची सांगड रोजच्या व्यवसायाशी घातली गेली. तंत्रज्ञानामुळे व्यवसायच झपाट्याने बदलू लागल्यावर ही सांगड कितपत टिकते, हा आधुनिक धर्मशास्त्रातील वादाचा विषय आहे.

मठातून बाजारपेठेत

मध्ययुगीन युरोपात पाचारण प्रामुख्याने धर्मगुरू, भिक्षू आणि धर्मभगिनी यांनाच होते, अशी समजूत होती. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांनी ती नाकारली. शेजाऱ्याची गरज भागवणारे कोणतेही काम भिक्षूच्या व्रताइतकेच पवित्र आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतकरी, चांभार किंवा दाई यांच्या श्रमांआडून देवच जगाचा सांभाळ करतो. म्हणून अशा कामांना त्यांनी देवाचे मुखवटे म्हटले. जर्मन भाषेतील 'बेरूफ' या शब्दाला 'पाचारण' आणि 'व्यवसाय' असा जोडअर्थ ल्यूथर यांच्या बायबलच्या भाषांतरातून मिळाला, असे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचे मत आहे.

या शिकवणीची दुसरी बाजू तितकीशी उदार नव्हती. करिंथकरांस पहिल्या पत्रातील एका वचनाच्या (७:२०) आधारे प्रत्येकाने आपापल्या स्थानी राहावे, असा उपदेश केला जाई. त्यात स्थान स्थिर असते हे गृहीत होते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात यंत्रमागांनी हातमाग विणकरांची उपजीविका हिरावली, तेव्हा हे गृहीतक कोसळले. माग हेच पाचारण असेल, तर माग गेल्यावर देवाची साद थांबली म्हणावयाची काय? प्युरिटन विचारवंत विल्यम पर्किन्स (१५५८–१६०२) यांनी केलेला भेद येथे महत्त्वाचा ठरतो. ख्रिस्ताला अनुसरणे हे सर्वांचे सामान्य पाचारण आणि व्यवसाय हे विशिष्ट पाचारण. दुसरे हरपले तरी पहिले उरते. अर्थात, विणकराच्या चुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

विसावे शतक आणि नंतर

फ्रेंच विचारवंत झाक एल्युल (१९१२–१९९४) यांनी ही सांगडच तोडली. तंत्रप्रधान समाजातील नोकरी ही गरज आहे, पाचारण नव्हे, असे त्यांचे मत होते. पाचारण त्यांना नोकरीबाहेर, भरकटलेल्या तरुणांमध्ये केलेल्या कामात दिसले. मिरोस्लाव वोल्फ यांनी १९९१ मधील 'वर्क इन द स्पिरिट' या ग्रंथात वेगळा मार्ग सुचवला. माणूस आयुष्यात अनेक कामे करतो; त्यामुळे एका स्थायी पाचारणाऐवजी पवित्र आत्म्याकडून मिळणाऱ्या कृपादानांच्या आधारे कामाचा विचार करावा, असे ते म्हणतात. अन्यायकारक, माणूस झिजवणाऱ्या कामालाही ल्यूथर यांची शिकवण पावित्र्य बहाल करू शकते, हा त्यांचा आक्षेप विशेष गंभीर आहे.

कॅथलिक परंपरेत पोप जॉन पॉल दुसरे यांचे 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' (१९८१) हे परिपत्रक महत्त्वाचे मानले जाते. कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, असे त्यात म्हटले आहे. तंत्रज्ञान माणसाचे सहायक असले, तरी त्याचे काम हिरावून किंवा त्यातील सर्जनशीलता काढून घेऊन ते वैरीही होऊ शकते, असा इशाराही त्यात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील व्हॅटिकनच्या 'अंतिक्वा एत नोवा' (जानेवारी २०२५) या टिपणात हीच चिंता पुन्हा दिसते: कामगाराचे कौशल्य घटणे, त्याच्यावर यंत्राची पाळत राहणे आणि त्याच्या वाट्याला साचेबंद कामे येणे. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाची निवड स्पष्ट करताना लिओ तेरावे यांच्या 'रेरुम नोवारुम' (१८९१) या कामगारविषयक परिपत्रकाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा एकत्रित उल्लेख केला.