कोणते गायकवाड?

लातूरला शिकवण्यांचा मोसम सुरू झाला की नांदेड जिल्ह्यातली पोरेही तिथे खोल्या शोधत हिंडतात. मुखेडकडच्या, आमच्या नात्यातल्या एका पोराबरोबर आम्हीही हिंडलो. घरमालकाने आडनाव विचारले. "गायकवाड." मालक खुलले, चहा सांगितला. चहा येण्याआधी दुसरा प्रश्न आला, "कोणते गायकवाड?" पोराने खरे ते सांगितले. मग आठवले की खोली कालच गेली!

या आडनावाचा पसारा केवढा! बडोद्याचे राजघराणे गायकवाडांचे. १८९० साली उभा राहिलेला लक्ष्मीविलास राजवाडा त्यांचाच. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर उभे राहिलेले कर्मवीर दादासाहेब, तेही गायकवाड. मराठ्यांत गायकवाड, बौद्धांत गायकवाड, मातंगांत गायकवाड. आणि लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड.

ते जन्मले उचल्या जमातीत. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलिसांची नजर गेली नाही. बडोद्याच्या गायकवाडांना २१ तोफांची सलामी, धनेगावच्या गायकवाडांच्या दारात पोलिसांची काठी! ते सारे त्यांनी 'उचल्या'त लिहिले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. राजवाड्यापेक्षा आम्हाला या पुस्तकाचा अभिमान जास्त वाटतो.

सयाजीरावांचे ऋण आम्ही विसरत नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातून ते १८७५ मध्ये दत्तक गेले, आणि १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. पण १९१७ मध्ये त्याच बडोद्यात नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा कोणी दिली? पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही हुसकले. राजा भला होता. शहर त्याचे ऐकत नव्हते.

आडनाव बदला, असा सल्ला देणारे आम्हाला भेटतात. काय बदलायचे? आडनाव तर तेच आहे, राजाचेही आणि आमचेही. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला मात्र कोणी काही बदलायला सांगत नाही.

पोराला शेवटी खोली मिळाली, बुद्धविहाराजवळ, आपल्याच माणसाच्या घरी. क्लास लांब पडतो. जुनी सायकल घेऊन दिली आहे.