एका फ्लास्कात दोन आम्लं

बारावीपर्यंत अनुमापनाच्या फ्लास्कात एकच आम्ल असतं. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड, आणि फिकट गुलाबी रंग टिकला की रीडिंग. बीएस्सीच्या मुलांसमोर मी हायड्रोक्लोरिक आणि फॉस्फोरिक आम्लांचं मिश्रण ठेवते, तेव्हा लगेच प्रश्न येतो, 'मॅडम, कुठलं किती आहे ते कळणार कसं?'

मी सांगते, दर्शकाला आम्लाचं नाव कळत नाही. त्याला कळतो फक्त पीएच. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन 3.8 ते 5.4 पीएचदरम्यान पिवळ्याचं निळं होतं. थायमॉल्फ्थॅलिन 9.3 ते 10.5 दरम्यान रंगहीनाचं निळं होतं.

फॉस्फोरिक आम्लाचे तीन हायड्रोजन एकदम सुटत नाहीत. पहिला हायड्रोक्लोरिक आम्लासोबतच संपतो, तेव्हा पीएच 4.7च्या आसपास असतो. दुसरा संपतो 9.7च्या आसपास. फिनॉल्फ्थॅलिन 8.3पासूनच गुलाबी होऊ लागतं, म्हणून इथे ते घाई करतं. तिसरा हायड्रोजन इतका घट्ट असतो, की पाण्यातल्या साध्या अनुमापनात तो दर्शकाने नीट दिसत नाही.

आता हिशेब. मिश्रण दोनदा 25 मिलि घ्या, दोन फ्लास्कांत दोन वेगळे दर्शक टाका. समजा, 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड पहिल्याला 18 मिलि लागलं, दुसऱ्याला 26. वरचे 8 मिलि निव्वळ फॉस्फोरिकच्या दुसऱ्या हायड्रोजनचे. पहिल्या हायड्रोजनलाही तेवढेच लागले असणार. 18मधून 8 वजा केले की हायड्रोक्लोरिकचे 10 मिलि उरतात. म्हणजे फॉस्फोरिक आम्ल 0.032 मोलर आणि हायड्रोक्लोरिक 0.040 मोलर.

हीच युक्ती हायड्रोक्लोरिक आणि व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणावर मात्र चालत नाही. मिथिल ऑरेंज 3.1 ते 4.4 दरम्यान बदलतं. पण पीएच 4ला पोचेपर्यंत ॲसेटिक आम्लाचा सुमारे 15 टक्के भाग आधीच उदासीन झालेला असतो. दोन आम्लांमध्ये स्पष्ट उडी नसल्याने रंग रेंगाळत बदलतो आणि दोन मुलांची रीडिंग्ज जुळत नाहीत. फिनॉल्फ्थॅलिन एकूण आम्ल अचूक सांगतं, वाटणी सांगत नाही. त्यासाठी वाहकतामापकाकडे वळावं लागतं.

म्हणून विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे: बाटली उघडण्याआधी पीएचची उडी कुठे येणार ते कागदावर काढा, आणि मगच दर्शक निवडा.