साहित्य मुलाच्या हाती पडेल तेव्हा

जून महिन्यात शाळा उघडल्या, की मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून चारोटीहून किंवा तलासरीहून आत पाड्यांकडे वळणाऱ्या वाटांनी वह्यांची, पाट्यांची, पेन्सिलींची आणि रंगीत खडूंची खोकी येऊ लागतात. ही खोकी पाठविणाऱ्यांच्या सद्भावाविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही. मात्र त्यांतील वस्तू दुसरी-तिसरीत बसणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया किंवा कातकरी मुलाच्या शिकण्यात नेमक्या कोणत्या मार्गाने शिरतात, हा प्रश्न देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही जितक्या आस्थेने विचारावयास हवा तितक्या आस्थेने विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ते डहाणू तालुक्याच्याच इतिहासात आहे.

१९४५ हे या मुलुखाच्या आयुष्यातील विलक्षण वर्ष होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी किसान सभेच्या झेंड्याखाली वारली एकत्र जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साहाय्याने वेठीविरुद्ध उभे राहिले. आणि त्याच वर्षी, तेथून फारशा दूर नसलेल्या बोर्डी गावात, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले, ज्यात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून, पुढे दादरला शिशुविहार चालवून ताराबाईंनी माँटेसोरी पद्धतीचा दीर्घ अनुभव घेतलेला होता. पण काटेकोर मापाची, परदेशी नमुन्यावर घडविलेली ती लाकडी साधने खेड्यातील शाळेला परवडणारी नाहीत, हे त्यांनी ओळखले. तेव्हा साधनांमागचे तत्त्व कायम ठेवून वस्तू तेवढ्या त्यांनी बदलल्या, आणि शिंपले, चिंचोके, गोटे, पाने व माती ही त्यांच्या बालवाडीची साधने झाली.

ते तत्त्व असे, की लहान मूल हाताने शिकते; जी गोष्ट त्याने उचलली, लावली, मोडली आणि पुन्हा रचली, ती त्याच्या बुद्धीत उतरते, आणि साधन नीट घडविलेले असेल तर चूक दाखविण्यासाठी शिक्षकाची वाट पाहावी लागत नाही. पाड्यावरच्या शाळेत या गुणाचे मोल फार मोठे आहे. तेथे पुष्कळदा चार इयत्तांना दोनच शिक्षक असतात. एक शिक्षक पहिलीला अक्षरे शिकवीत असताना दुसरीच्या मुलांपुढे काही नसेल, तर तो वेळ फुकट जातो. त्यांच्यापुढे काड्यांचे गठ्ठे असतील, दहा-दहांचे जुडगे बांधून सत्तावन्न म्हणजे पाच जुडगे आणि सात सुट्या काड्या हे त्यांना स्वतः रचता येत असेल, तर दशक-एककाची जी कल्पना फळ्यावर केवळ अंकांच्या रूपाने दिसते ती बोटांना जाणवू लागते, आणि तोच अर्धा तास अभ्यासाचा होतो. देणगीतून आलेले मणी, ठोकळे किंवा अक्षरपट्ट्या उपयोगी पडतात त्या अशा: त्या शिक्षकाची जागा घेत नाहीत, शिक्षकाचा वेळ मोकळा करतात.

वहीचे काम निराळे. पाटीवरचे अक्षर पुसले जाते, आणि पहिल्या धडपडीच्या दिवसांत ते इष्टच असते, कारण चुकण्याचे भय राहत नाही. पण पुढे मुलाला आपले मागच्या आठवड्यातले लेखन पाहता आले पाहिजे, आणि शिक्षकालाही त्याची तीच ती चूक कोठे होते हे पानोपानी दिसले पाहिजे. पाने संपतील म्हणून जपून लिहिणारे मूल कमी लिहिते, आणि कमी लिहिणाऱ्याचा हात वळत नाही. ही अडचण शासनालाही मान्य करावी लागली. २०२३-२४ साली पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने बांधण्याचा प्रयोग महाराष्ट्रात झाला, तो गरीब मुलाला वही विकत घ्यावी लागू नये याच हेतूने. २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला आणि वहीचा प्रश्न पुन्हा घरावर आला. चित्रकलेविषयी तर या भागात अधिक सांगण्याची गरज नसावी. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्या परंपरेतल्या मुलाला कोरा कागद आणि रंग देणे म्हणजे त्याला आधीच येत असलेल्या भाषेत बोलू देणे होय.

भाषेचा प्रश्न मात्र कठीण आहे. केनियातील शाळांना पाठ्यपुस्तके देऊन त्यांचा परिणाम पॉल ग्लूवी, मायकेल क्रेमर आणि सिल्व्ही मूलँ या अर्थशास्त्रज्ञांनी मोजला, तेव्हा आधीच पुढे असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचा लाभ झाला, परंतु सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या गुणांत फरक पडला नाही. कारण पुस्तके इंग्रजीत होती, आणि पुष्कळ मुलांची ती तिसरी भाषा होती. घरी वारली बोलणाऱ्या आणि शाळेत प्रथमच प्रमाण मराठी ऐकणाऱ्या मुलापुढे ठेवलेल्या गोष्टीच्या पुस्तकाला हीच कसोटी लागू आहे. शहरात चाळून झालेली जुनी पुस्तके, इंग्रजी बालगीतांचे संग्रह, वरच्या इयत्तांची मार्गदर्शके यांनी कपाट भरते, वाचन वाढत नाही. मोठ्या अक्षरांची, थोड्या ओळींची, भरपूर चित्रांची मराठी पुस्तके आणि त्यांच्या जोडीला मुलांनीच आपल्या बोलीत सांगितलेल्या व शिक्षकाने लिहून घेतलेल्या गोष्टी हाच येथला खरा वाचनसंग्रह ठरेल, असे माझे निश्चित मत आहे.

कपाटाचा उल्लेख आला, तर त्याच्या कुलपाविषयीही बोलले पाहिजे. शाळेला मिळालेली टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते, आणि ती हरवली वा मोडली तर जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. साहजिकच साधनपेटी जपून ठेवली जाते, आणि जपलेली पेटी मुलांच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते. यात शिक्षकाचा दोष मानणे अन्यायाचे होईल. ही वस्तू वापरून झिजण्यासाठीच आहे, मोडली तर पुन्हा देऊ, असे देणाऱ्याने लेखी कळविले, तर तिच्या वापराची जबाबदारी शिक्षकावर एकट्यावर राहणार नाही.

झांबियात आणि आपल्या आंध्र प्रदेशात झालेल्या आणखी एका अभ्यासात असे आढळले, की शाळेला अनुदान मिळणार हे आधीच ठाऊक असले तर पालक आपला तेवढा खर्च कमी करतात, आणि मुलाच्या प्रगतीत भर पडत नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा असला तरी तो पाड्यावर जसाच्या तसा लावता येणार नाही, असे मला वाटते. ज्या घरात वहीवर मुळातच खर्च होऊ शकत नाही, तेथे दानामुळे कमी होण्याजोगे काही नसते. त्याच न्यायाने, सधन गावातील शाळेपेक्षा दूरच्या पाड्यावरच्या शाळेला दिलेली तीच वही अधिक फळते.

भाताची कापणी आटोपल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे, या तालुक्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे निघतात, आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून ताराबाई-अनुताईंनी शाळाच कुरणात नेली होती, तिला कुरणशाळा म्हणत. पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी उभी राहिल्यावरही शाळेने मुलाकडे जावे हाच त्यांच्या कार्याचा कणा राहिला. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले आणि मुलांना इमारतीबाहेर बसवावे लागले, तेव्हाही उचलून नेता येईल तेवढेच साहित्य कामाचे होते. भट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात दोन वह्या, पेन्सिली, एक गोष्टीचे पुस्तक आणि पावसापाण्यापासून त्यांना राखणारी जाड पिशवी असेल, तर परत आल्यावर त्याला पुन्हा अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागण्याचा संभव कमी होईल.

म्हणून ज्यांना देण्याची इच्छा आहे त्यांनी जूनबरोबर ऑक्टोबरही लक्षात ठेवावा. जूनमध्ये मिळालेल्या वह्या तोवर भरत आलेल्या असतात, स्थलांतराला थोडेच दिवस उरलेले असतात, आणि कोणत्या इयत्तेत कशाची उणीव आहे हे शिक्षकालाही चार महिन्यांच्या अध्यापनानंतर नेमके सांगता येते. केंद्रप्रमुखांमार्फत आपल्या केंद्रातील शाळांच्या मागण्यांची यादी मागवावी, तीत किती मुले बाहेरगावी जाणार हा रकाना असावा, आणि खरेदी त्या यादीबरहुकूम व्हावी.