माळ्यावरची कॅसेट फेकण्याआधी...

गणपती जवळ आले की कोकणात घरोघरी आवराआवर सुरू होते. माळ्यावरची अडगळ खाली येते आणि काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं, हे ठरवायचं काम आपसूकच घरातल्या बाईकडे येतं. त्यात जुनी ऑडिओ कॅसेट सापडली, लावल्यावर गाण्याऐवजी नुसता कर्कश आवाज आला, तर लगेच फेकू नका. कदाचित ती कॉम्प्युटरची असेल!

१९८०च्या दशकात घरगुती कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचे आणि माहिती साठवायची ती साध्या टेपरेकॉर्डरवर. इंग्लंडमध्ये १९८२ साली आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने आपल्याकडे विकला. 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. कॅसेट दोघांनाही चाले, पण एकाची दुसऱ्याला कळत नसे. स्पेक्ट्रम शून्यासाठी आखूड ठोका वाजवी आणि एकासाठी दुप्पट लांब. बीबीसी दोन वेगळ्या सुरांत बोले.

बचत गटाच्या कामामुळे देवगडातल्या एका काकूंकडे माझं जाणं-येणं असतं. त्यांचे यजमान मुंबईत नोकरीला होते. कुठलं कलम कधी लावलं, कुठल्या भावाच्या वाट्याचं, ही सगळी नोंद त्यांनी स्पेक्ट्रमवर केली होती. यजमान गेले, यंत्रही गेलं. राहिली ती कॅसेट. वाटणीचा विषय निघाला तेव्हा काकूंना तिची आठवण झाली.

त्यांच्या भाच्याने टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, इअरफोनच्या भोकातून वायर काढून आजच्या कॉम्प्युटरला जोडली आणि तो आवाज रेकॉर्ड केला. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने आवाजाची फाईल बनवली. स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे एम्युलेटरमध्ये, ती उघडली. दोनदा काहीच आलं नाही. आवाज कमी-जास्त करून पाहिला, तेव्हा तिसऱ्यांदा अक्षरं दिसली. मराठी, पण इंग्रजी लिपीत! एका कलमापुढे लिहिलेलं होतं, 'ह्येचे आंबे आवशीक.' काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

भाच्याने एवढ्यावर काम थांबवलं नाही, हे मला फार आवडलं. सगळा मजकूर साध्या फाईलमध्ये उतरवला, कागदावर छापला आणि प्रत्येक भावाला एकेक प्रत दिली. फाईल नव्या यंत्रात आली म्हणजे काम झालं असं नाही. ती कुणालाही वाचता यायला हवी. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाईप केलेली आपली मराठी पत्रं आज उघडली की नुसती चिन्हं दिसतात, ती याच कारणाने. तीही वेळेवर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कॅसेट सापडलीच तर एवढं करा. वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर भजन रेकॉर्ड होणार नाही. आपल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर न वाजवता जाणकाराकडे द्या. आवाज एमपीथ्रीत नको, वेव्ह फाईलमध्येच घ्या. एमपीथ्रीत ठोके बिघडू शकतात.

आणि घरातल्या थोरांना आधी विचारा, "ह्यात काय आसा?" भंगारवाला काय, पुढच्या आठवड्यातही येईल.