शैवालाचा पडदा आणि आकाराचा भ्रम

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी घरी अल्गी स्क्रबर, म्हणजे पडद्यावर शैवाल वाढवून पाणी शुद्ध करणारे यंत्र, बांधणाऱ्यांमध्ये एक समज इतका घट्ट रुजला आहे, की पडद्यावर शैवाल नीट धरेनासे झाले म्हणजे पहिला उपाय म्हणून पडदाच मोठा केला जातो. टाकी जेवढ्या लिटरची, त्या मानाने पडदा हवा, आणि पडदा जितका मोठा तितके पाणी स्वच्छ, हा तो समज. तो चुकीचा तर आहेच, शिवाय सुधारणेच्या नावाखाली चांगले चालणारे यंत्रही तो बिघडवतो. म्हणून कितीही वेळा सांगून झाले असले तरी तो पुन्हा मुळापासून तपासणे भाग आहे.

स्क्रबरची रचना साधी असते. मुख्य टाकीखालच्या सम्पमधून, म्हणजे गाळणीची उपकरणे सामावणाऱ्या दुय्यम टाकीतून, पंप पाणी वर चढवतो. ते पीव्हीसी पाइपला पाडलेल्या सुमारे 3 मिलिमीटर रुंदीच्या लांबट खाचेतून बाहेर पडते आणि त्या खाचेत अडकवलेल्या, भरतकामासाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खरबरीत जाळीवरून, म्हणजेच पडद्यावरून, दोन्ही बाजूंनी पातळ थर होऊन खाली उतरते. जाळीच्या दोन्ही अंगांना दिवे असतात. या उजेडात जाळीवर शैवाल उगवते, वाढताना पाण्यातील अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेते, आणि ठरावीक दिवसांनी ते खरवडून टाकले की ही द्रव्ये टाकीच्या बाहेर जातात.

आता प्रश्न असा की ही द्रव्ये टाकीत येतात कोठून. आरओचे पाणी आणि चांगले मीठ वापरले असेल तर ती पाण्यातून जवळजवळ येतच नाहीत; ती येतात माशांना रोज घातलेल्या खाद्यातून. पाण्याचे आकारमान फार तर एवढेच ठरवते की ती साठायला किती वेळ लागेल. रोज किती काढायची आहेत, हे खाद्यच ठरवते. एकाच मापाच्या दोन टाक्यांपैकी एकीत दोन लहान मासे आणि दुसरीत दहा मोठे मासे असतील, तर त्यांना सारखाच पडदा पुरेल असे म्हणण्याला कोणताही आधार नाही.

एका गॅलनला एक चौरस इंच पडदा हा जुना ठोकताळा याच चुकीवर उभा होता. त्याच्या जागी पुढे रूढ झालेला ठोकताळा असा, की रोज गोठवलेल्या खाद्याची एक वडी पडत असेल तर दोन्ही बाजूंनी उजळलेला 12 चौरस इंच, म्हणजे सुमारे 77 चौरस सेंटिमीटर पडदा पुरतो. हाही अनुभवातून आलेला अंदाजच आहे, प्रयोगशाळेतला नियम नव्हे. पण तो निदान योग्य गोष्ट मोजतो. दोनशे लिटरच्या, रोज एक वडी खाद्य पडणाऱ्या टाकीचे उदाहरण घेतले, तर जुन्या हिशेबाने सुमारे 340 चौरस सेंटिमीटर पडदा लागतो आणि खाद्याच्या हिशेबाने 9 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक लहानसा चौकोन पुरतो. फरक चौपटीहून जास्त आहे.

येथे असा आक्षेप घेतला जातो की गरजेपेक्षा मोठा पडदा बसवला तर बिघडले कोठे, जास्तीची क्षमता पडून राहील इतकेच. पण क्षमता पडून राहत नाही, ती विरळ होते. उभ्या पडद्याला दर सेंटिमीटर रुंदीमागे ताशी सुमारे 50 लिटर पाणी लागते असे धरले जाते. त्यामुळे 9 सेंटिमीटरच्या पडद्याला ताशी साडेचारशे लिटर देणारा पंप बरोबर बसतो, आणि तोच पंप 18 सेंटिमीटरच्या पडद्याला जोडला की प्रवाह निम्म्यावर येतो. उजेडाचेही तसेच, दिवा तोच राहिला तर कडा अंधारात जातात आणि तेथे दाट हिरव्या केसाळ शैवालाऐवजी तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. पोषक द्रव्येही चौपट जागेत वाटली जातात. परिणामी भरघोस वाढीचा एक चौकोन मिळण्याऐवजी जिकडेतिकडे पातळ पापुद्रा मिळतो, जो धड खरवडता येत नाही आणि पाण्याच्या धारेबरोबर सुटून परत टाकीत जातो.

प्रवाहाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर ज्या संशोधनातून हे यंत्र निघाले तेथेच आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी हे प्रवाळभित्तींवरील आखूड, गवतासारख्या शैवालाचा अभ्यास करत होते, आणि त्यांच्या ‘अल्गल टर्फ स्क्रबर’ला अमेरिकेचे पेटंट 1982 मध्ये मिळाले. समुद्रात पोषक द्रव्ये अत्यल्प असूनही हे शैवाल विलक्षण वेगाने वाढते, असे ॲडी आणि गोएर्टमिलर यांनी 1987 मध्ये ‘फायकोलॉजिया’ या नियतकालिकात मांडले. पाण्यात बुडालेल्या कोणत्याही पृष्ठभागाला जवळजवळ स्थिर पाण्याचे एक सूक्ष्म आवरण चिकटलेले असते, आणि पोषक द्रव्यांना ते ओलांडूनच पेशीपर्यंत पोहोचावे लागते. प्रवाह जितका जोरकस व खळाळता, तितके हे आवरण पातळ. लाटांचा मारा हा भित्तीवरील शैवालाला लाभ असतो, तो यामुळे. ॲडी यांच्या मूळ यंत्रात म्हणूनच आडव्या ताटलीवर एक बादली भरताच आपोआप कलंडून लाट सोडत असे. घरगुती उभ्या पडद्यात ही बादली नसते, तिचे काम वेगाने उतरणारे पाणी करते, आणि पडदा रुंद करून तो वेगच गमावणे म्हणजे यंत्राचा गाभाच काढून टाकणे होय.

तेव्हा स्क्रबर सुधारायचा असेल, तर हात आधी मोजपट्टीकडे नव्हे तर पंपाकडे गेला पाहिजे. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा पाणी मुळीच उंच न चढवता मिळणारा असतो. सम्पपासून पाइपपर्यंतची चढण आणि वाटेतली वळणे धरली की प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी भरतो, म्हणून तो पाइपखाली बादली धरून घड्याळ लावून मोजावा. त्यानंतर जाळी पाहावी: गुळगुळीत जाळीवर शैवालाला धरायला जागा नसते, त्यामुळे ती तारेच्या ब्रशने किंवा करवतीच्या पात्याने इतकी खरवडावी की हाताला काटे लागावेत. खाचेवर थेट उजेड पडत असेल तर शैवाल खाचेतच वाढून पाणी अडवते, यासाठी पाइपवर अपारदर्शक झाकण हवे. दिव्यांत 660 नॅनोमीटरच्या आसपासचे गडद लाल एलईडी, सोबत थोडे निळे, हरितद्रव्याला सर्वाधिक उपयोगी पडतात. मुख्य टाकीचे दिवे बंद असतानाच्या तासांत ते चालू ठेवले, तर रात्री साठणारा कार्बन डायऑक्साइड शैवाल वापरते आणि पाण्याचा पीएच रात्री फारसा घसरत नाही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, त्यामुळे दिव्यांना जलरोधक आवरण आणि जोडणीला गळती होताच वीज तोडणारे उपकरण असलेच पाहिजे. हे सर्व करूनही वाढ होत नसेल, तर जास्तीचा पडदा कापून लहान करावा. पुष्कळांना हा उपाय उलटा वाटतो, पण एकवटलेला प्रवाह आणि एकवटलेला उजेड जे साधतात, ते विस्तार साधत नाही.

खरवडण्याबाबतही पुष्कळ दुर्लक्ष होते. पडदा हिरवागार दिसतो म्हणून तो तसाच ठेवणे ही बचत नव्हे, कारण वरच्या थराच्या सावलीत खालचा थर मरतो, सुटतो आणि शोषलेले सारे पाण्याला परत करतो. सात ते दहा दिवसांनी पडदा बाहेर काढून, बेसिनमध्ये गोड्या पाण्याखाली खरवडून, पुन्हा फुटवा यावा इतका पातळ थर मागे ठेवावा.

उरलेले गैरसमज थोडक्यात आटोपण्यासारखे आहेत. स्क्रबरमधील शैवालाचे बीजाणू टाकीत पसरून खडक हिरवे होतात, असे सांगितले जाते. बीजाणू प्रत्येक टाकीत आधीपासून असतातच, आणि पडद्यावर अधिक उजेड व प्रवाह मिळाल्याने अन्नाच्या स्पर्धेत खडकावरचे शैवाल मागे पडते. स्क्रबर असला की प्रोटीन स्किमर निरुपयोगी, हेही खरे नाही: स्किमर सेंद्रिय पदार्थ कुजण्यापूर्वी फेसाबरोबर काढतो, विरघळलेले नायट्रेट त्याला काढता येत नाही, आणि म्हणून दोघांची कामे वेगळी आहेत. टेस्ट किट नायट्रेट शून्य दाखवते म्हणजे फॉस्फेटही संपले, असे मानणाऱ्यांनी ॲटकिन्सन आणि स्मिथ यांचा 1983 मधील शोधनिबंध पाहावा. तळाशी चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींत कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे सर्वसाधारण प्रमाण त्यांना 550:30:1 असे आढळले, त्यामुळे नायट्रोजन संपताच वाढ थांबते आणि फॉस्फेट पाण्यात शिल्लक राहू शकते.

पाणी पिवळे पडते, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे 1987 मध्ये उघडलेल्या ग्रेट बॅरिअर रीफ मत्स्यालयात ॲडी यांच्या पद्धतीचे स्क्रबर बसवले होते, आणि अशा प्रणालींवर पिवळसर झाकेबद्दल टीका झाली ती निराधार नव्हती. शैवालातून, विशेषतः ते तुटताना आणि कुजताना, रंगीत सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरतात. परंतु ती ॲक्टिव्हेटेड कार्बनने काढता येतात, आणि पडदा टाकीबाहेर नेऊन धुतला व वेळच्या वेळी खरवडला तर मुळात कमीच उतरतात. सम्पमध्ये कार्बनची लहान पिशवी ठेवून ती नियमित बदलणे एवढीच त्यासाठीची व्यवस्था.